ज्याचा दिवस त्याच दिवशी

आमच्या ऑफिसातल्या फोटोंच्या कपाटाची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे यावी असं मी काही केलेलं नव्हतं. उलट येऊ नये असंच बरंच केलं होतं. पण हेडाऊभाऊंनी निवृत्तीच्या दिवशी ती करदोड्यातून सोडली, सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमच्यापाशी." नवा शिपाई बाजूलाच उभा होता. त्याला काही वाटलं नाही. त्याला कशाचंच काही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर आताशा मलाही वाटत नाही.

नामदेव हेडाऊ शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. घर तांडापेठेत. वडील हातमागावर लुगडी विणायचे. माग बंद पडला, भाऊ बुटीबोरीला कारखान्यात गेले आणि हे आमच्या सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात आले. माग सुटला तरी बोटं विणकराचीच राहिली. सत्काराची शाल आली की आधी तिचा काठ चिमटीत धरून बघायचे आणि हळूच सांगायचे, "पॉलिस्टर होय." हार तुटला तर गाठ मारायचे नाहीत. दोन्ही टोकं उकलून, चिमटीत फिरवून, सांधा कुठं आहे ते दिसणार नाही असा दोरा जोडायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, मागे सरकवा ना तुटलेला भाग, फोटोत कुठं दिसतो?" तर म्हणाले, "धागा तुटला त लपवाचा नाही मॅडम, जोडाचा. लपवला का पुढं चार हातावर लुगडं फाटते."

सरकारी ऑफिसात काम न केलेल्यांना या कपाटाचं महत्त्व समजायचं नाही. वर्षाच्या सुरुवातीला वरून यादी येते. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुठल्या घटनेचा दिन, कुठल्या दिवशी हात पुढे करून शपथ, कुठल्या दिवशी नुसतं उभं राहायचं. त्या त्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर खुर्ची मांडायची, तिच्यावर शाल, शालीवर फोटो, फोटोला हार. साहेबांनी फुलं वाहायची, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं, एकानं मोबाइलवर टिपायचं, अहवाल लिहायचा, वर पाठवायचा. फोटो कुणाकुणाचे ते मी सांगत बसत नाही. हल्ली एकाचं नाव आधी घेतलं की दुसऱ्याच्या भावना दुखावतात, आणि दुखावलेल्या भावनांचे अर्जही पुन्हा माझ्याच टेबलावर येतात.

एवढ्या सगळ्या मंडळींची व्यवस्था हेडाऊभाऊंकडे होती. प्रत्येक फ्रेम जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. मागे कागदाची पट्टी, तिच्यावर दोन तारखा, लाल शाईत जन्माची आणि निळ्या शाईत जाण्याची. जन्माला झेंडू, जाण्याला शेवंती. यात कधी फरक नाही. सकाळी साडेनऊला येऊन ते कपाट उघडायचे, फ्रेम काढायचे आणि काच पुसता पुसता म्हणायचे, "चला बाप्पा, दिवस आला तुमचा." संध्याकाळी परत गुंडाळताना म्हणायचे, "झालं. या आता पुढच्या वर्षी."

आम्ही हसायचो. सगळ्यांत जास्त हसायचा सदाशिव ढोबळे. आवक-जावक त्याच्याकडे होती. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून नंबर टाकायचा. तो पारशिवनीहून रोज अपडाऊन करायचा, त्यामुळे सकाळी उशीर आणि संध्याकाळी घाई हा त्याचा कायमचा कार्यक्रम. हेडाऊभाऊंचा तो जिवलग मित्र, म्हणजे दिवसातून चार वेळा भांडायचा. एक नोव्हेंबर आला की हेडाऊभाऊ चहाचा पेला हातात घेऊन गंभीरपणे सांगायचे, "आज आपल्या नागपूरची राजधानी गेली होती." छप्पन साली नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी राहिलं नाही, तो कुठल्याही यादीत नसलेला दिवस ते न चुकता पाळायचे, म्हणजे त्या दिवशी चहात साखर घ्यायचे नाहीत. सदा म्हणायचा, "तवा तू पैदा तरी झाला होता काय गा? तुह्या घरून गेली का राजधानी?" हेडाऊभाऊ उत्तर द्यायचे, "माह्या बापाच्या तोंडून ऐकलं नं मी. त्याले जे वाटलं ते मले पाळावंच लागते."

हुतात्मा दिनाची गोष्ट तर ऑफिसात वर्षानुवर्षं सांगितली गेली. तीस जानेवारीला अकरा वाजता दोन मिनिटं मौन. भोंगा कधीच वाजत नसे, म्हणून वेळ हेडाऊभाऊंच्या घड्याळावर. एका वर्षी मौन सुरू झालं आणि दीड मिनिटाला साहेबांच्या खिशातला फोन वाजला. साहेबांनी तो कानाला लावून "नंतर करतो" एवढंच म्हटलं. मौन संपलं असं समजून आम्ही हललो, तर हेडाऊभाऊ जागेवरून म्हणाले, "सायेब, मोडलं. पुन्हा कराव लागन." सगळे गार. पण ते साहेब जुन्या वळणाचे होते. त्यांनी फोन बंद करून माझ्या टेबलावर ठेवला आणि आम्ही पुन्हा दोन मिनिटं उभे राहिलो. त्या दुसऱ्या दोन मिनिटांत मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच कुणासाठी तरी उभे आहोत. तसं नंतर फार वेळा वाटलं नाही.

मग ते साहेब गेले आणि दुसरे आले. वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. एका महिन्यात तीन कार्यक्रम लागून होते. एक मंगळवारी, एक शुक्रवारी आणि एक पुढच्या बुधवारी. तारखा मुद्दाम सांगत नाही, कारण सांगा अगर न सांगा, यादीवाल्यांना बरोबर कळेल. मंगळवारी खुर्ची मांडली, पहिला फोटो झाला आणि साहेब म्हणाले, "एवढी माणसं जमलीच आहेत, तर उरलेले दोन्ही आजच घेऊन टाकू. हार तोच ठेवा, फक्त फ्रेम बदला. ज्या त्या दिवशी ग्रुपवर टाकून द्या."

यात नवीन काही नव्हतं हो. बाकीची ऑफिसं हेच करत होती. कुणी तर शर्टही बदलून यायचे म्हणे. मी मोबाइल धरून उभी होते. माझी पाठ दुखत होती, समोर टपालाचा ढीग होता, आणि साहेबांची सूचना ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

हेडाऊभाऊंनी फ्रेम आणून दिल्या. पण फुलांचं ताट हातात घेऊन ते बाजूलाच राहिले, फोटोपाशी उभं राहायचं त्यांनी नाकारलं. ताट धरण्याचा मान नेहमी त्यांचा असे. हळू आवाजात म्हणाले, "सायेब, त्यांचा दिवस आला नाही अजून. ज्याचा दिवस त्याच दिवशी कराव."

"हेडाऊ, वेळ नाही माझ्याकडे."

"मंग मी नाही उभा राहत."

साहेबांचा चेहरा बदलला. शुक्रवारचा फोटो ताटाशिवायच उरकला. तिसऱ्यासाठी फ्रेम बदलली तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि ते बाजूला झाले. आता फुलं वाहायला कुणीच नाही. तेव्हा सदा पुढे आला. हेडाऊभाऊंच्या हातातून ताट जवळजवळ हिसकावून घेत कुजबुजला, "आण इकडे. मी वाहतो. काहून सायबाचं डोकं खराब करून राहिला गा? दोन वर्षांनी तुह्या पोरीचं लग्न हाय, मेमो घेऊन बसशीन काय?" आणि फ्रेमपुढे वाकून त्यानं फुलं वाहिली. मी बटण दाबलं. फोटो फार छान आला होता. सदाचा एवढा छान फोटो कधीच आला नसेल.

शनिवारी पारशिवनीत, घरीच, जेवून उठताना सदा कोसळला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. रविवारी आम्ही सगळे गेलो. हेडाऊभाऊंनी खांदा दिला आणि परत येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. मीही रडले. सोमवारी ऑफिसात दोन मिनिटं उभे राहिलो. सदाचं टेबल माझ्याकडे आलं.

आणि बुधवारी सकाळी मेट्रोत, झिरो माइल यायच्या आधी, मी मोबाइल काढला. आज कुणाचा दिवस ते पाहिलं, तयार ठेवलेला फोटो उचलला, त्याखाली आजची तारीख, ऑफिसचं नाव आणि "आज कार्यालयात विनम्र अभिवादन करण्यात आले" हा नेहमीचा मजकूर चिकटवला आणि पाठवून दिला. फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. धरमपेठेतून निघताना बसायला जागा मिळाली नव्हती, याचाच मी विचार करत होते.

ऑफिसात पोचेपर्यंत त्याच्याखाली अकरा जणांनी हात जोडले होते. वरून एका अधिकाऱ्यांचं "खूप छान" आलं होतं. चार दिवसांपूर्वी गेलेला माणूस आज फुलं वाहतो आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते सदाच्या बायकोच्या. सदाचा नंबर ग्रुपवर अजून होता आणि त्याचा मोबाइल तिच्याजवळ होता. साडेअकराला हेडाऊभाऊंचा फोन वाजला. ते कपाटापाशी, माझ्यापासून दोन हातांवर उभे होते, आणि त्यांच्या जुन्या फोनचा आवाज बाहेर ऐकू यायचा.

"भाऊजी, हे तिकडे आले काय जी?"

हेडाऊभाऊंना काही कळेना. "कोन, वहिनी?"

"फोटो आला नं आता. आजची तारीख हाय खाली. फुलं वाहून राहिले. मी म्हटलं, घरी त नाही आले... तिकडेच गेले असतीन."

हेडाऊभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. ते नुसते विचारत होते. मग फोनमध्ये म्हणाले, "नाही वहिनी. तो फोटो मंगळवारचा होय. आमची चुकी झाली."

"पन ऑफिसनं लिहिलं हाय नं, आज म्हणून? सरकारी कागद खोटा राहीन काय, भाऊजी?"

मी तो फोटो ताबडतोब सगळ्यांसाठी काढून टाकला. पण तोवर त्याची प्रत मंगळवारीच लिहून ठेवलेल्या अहवालासोबत वर गेली होती आणि एक प्रत आमच्या जयंती-पुण्यतिथीच्या फाईलला लागली होती. "उपस्थित" या शब्दापुढे सदाचं नाव, खाली माझी सही. पारशिवनीच्या त्या मोबाइलमध्ये तर तो उतरूनच बसला होता.

आठ दिवसांनी हेडाऊभाऊंनी अर्ज दिला. त्यांच्या मोठ्या, सुट्या अक्षरात. "सदर दिवशी श्री. ढोबळे हयात नव्हते. सदर फोटो आधी काढला आहे. तरी तसे लेखी द्यावे." साहेबांनी वाचला आणि मला बोलावलं. "असं कसं लिहून देता येईल? म्हणजे त्या दिवशी कार्यक्रम झालाच नाही असं होईल ना?" अर्जावर त्यांनी "दप्तरी दाखल" लिहिलं. हे दोन शब्द पडले की कागद मेला असं समजायचं. तो फाईलमध्ये राहतो, पण त्याचं कुणी काही करत नाही.

हेडाऊभाऊ भांडले नाहीत. दर वर्षी त्याच तारखेला, सकाळची फ्रेम काढून पुसून झाली की, तसाच अर्ज घेऊन माझ्यापुढे यायचे. सदाच्याच टेबलावर मी सदाचाच शिक्का मारायचे, नंबर टाकायचे, वर पाठवायचे. तो परत यायचा, दप्तरी दाखल. पहिला धरून चार अर्ज झाले. मला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट आहे. मित्राचं दुःख असं कुठंतरी अडकून बसतं.

त्यांच्या निरोपाला आम्ही तीच खुर्ची मांडली, तीच शाल. बसा म्हटलं तर बसेनात. "इथं गेलेले बसतेत. मी आहो नं अजून!" सगळे हसले, दुसरी खुर्ची आणावी लागली. भाषणं झाली, नारळ दिला, आणि मग किल्लीचा तो प्रसंग. लोक चहाकडे वळल्यावर ते माझ्या टेबलापाशी थांबले.

"मॅडम, एक बोलू? तुमाले वाटत असन, म्हातारा पागल झाला. पन वहिनी अजून तो फोटो पाहतेत. मानतेत का मेल्यावर सदा घरी नाही आला, ऑफिसात गेला. म्हणतेत, सारा जलम त्या बसमंधी गेला, बायकोपाशी दोन घडी बसला नाही, अन् जीव गेल्यावर बी तिकडंच पळाला. रडतेत. मी किती सांगतो, ऐकत नाहीत. म्हणतेत, ऑफिसनं लिहून देल्लं त मानीन."

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"तो माह्या जागी उभा राहिला होता, मॅडम. ताट माह्यं होतं." त्यांनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. "सायेब लोक नाही लिहिणार. पन अहवाल तुमचा हाय. तुमी लिहिलं त होईन."

मी म्हटलं, "बघू." बघू हा आमच्या ऑफिसातला नाही म्हणायचा सभ्य शब्द आहे. तो हेडाऊभाऊंनी माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकला होता. त्यांनी मान हलवली आणि नारळ पिशवीत टाकला. मी नकार का दिला? माझी बढती व्हायची होती. खोटा अहवाल दिला असं स्वतःच्या हातानं लिहायचं, मग चौकशी, मग खुलासे. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त कंटाळा आला होता. कंटाळ्यानं माणूस जितकं वाईट वागतो तितकं द्वेषानंही वागत नसेल.

या वर्षी त्या तारखेला ते आले. निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. अंगानं बरेच उतरले होते आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. हातात झेंडूचा हार. त्यांनी केबिनबाहेर बघितलं, तिथं काही नव्हतं.

"खुर्ची?"

"सोमवारीच झालं, हेडाऊभाऊ. तीन एकदम."

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली. कपाटात फ्रेमा नुसत्या एकीवर एक पडल्या होत्या. लुगड्याचे तुकडे नव्या शिपायानं कधीच फरशी पुसायला घेतले होते. त्यांनी बरोबर फ्रेम शोधली, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली, सदाच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली आणि हार घातला. "चला बाप्पा," एवढंच म्हणाले. येणारे-जाणारे बघून पुढे जात होते. मग पिशवीतून कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. पाचवा अर्ज. अक्षर आता ओळ सोडून चाललं होतं.

मी शिक्का उचलला. आणि मला त्या हाराचा दोरा दिसला. मध्ये एका जागी तुटला होता. इतका नीट जोडला होता की मला सांधा दिसला तो फक्त इतकी वर्षं पाहत आल्यामुळे. मला माझीच फार लाज वाटली. मी शिक्का खाली ठेवला आणि कोरा कागद घेतला. लिहिलं की अमुक बुधवारचा म्हणून पाठवलेला फोटो मंगळवारी काढला होता. बुधवारी कार्यक्रम झाला नाही. श्री. ढोबळे शनिवारी घरी वारले होते, ते त्या दिवशी कार्यालयात आले नव्हते. फोटो काढणारी, अहवाल लिहिणारी आणि तारीख चुकीची टाकणारी मी. खाली सही केली.

कागद घेऊन साहेबांकडे गेले. हे आणखी नवे साहेब.  त्यांनी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं, "कशाबद्दल आहे?" मी म्हटलं, "जुन्या अहवालातली दुरुस्ती." "लावा फाईलला. गोल शिक्का मारून एक प्रत त्यांना द्या." झालं. इतकी वर्षं जिला घाबरले ती गोष्ट अर्ध्या मिनिटात आटोपली. त्यांनी वाचलंही नाही. मी दाराबाहेर येऊन क्षणभर भिंतीला टेकून उभी राहिले. कुणावर चिडावं ते समजेना.

हेडाऊभाऊंनी प्रत डोळ्यांजवळ धरली, मग माझ्याकडे दिली. "वाचा, मॅडम." मी वाचून दाखवली. "कार्यालयात आले नव्हते" या शब्दांपाशी ते म्हणाले, "पुन्हा एकदा." मी पुन्हा वाचलं. त्यांनी डोळे पुसले, ज्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं तो जरा जपून.

कागदाची घडी घालता घालता थांबले.

"तारीख राहिली, मॅडम."

खरंच राहिली होती. मूळ कागदावर आणि प्रतीवर, दोन्हीकडे मी त्या दिवसाची तारीख टाकली. पुढे फाईल लावताना चाळून पाहिली. हेडाऊभाऊंचे अर्ज सोडले तर, ज्या दिवशी लिहिलं त्याच दिवसाची तारीख असलेला अलीकडच्या पानांत तेवढा एकच कागद आहे.

त्यांनी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती कापडी पिशवीत ठेवली, हार काढून फ्रेम कपाटात लावली, किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "चहा तरी घ्या."

"बस हाय साडेबाराची. पारशिवनीले जातो. आज पोचलं पाहिजे हे, उद्या नाही."

खिडकीतून मी त्यांना गेटपर्यंत पाहिलं. ऊन कडक होतं. तिथं थांबून त्यांनी पिशवीवरून हात फिरवला, आतला कागद आहे ना ते चाचपलं, आणि घड्याळ बघून बसस्टँडकडे भराभर चालू लागले.